काजळीचे उपकार

काजळी म्हणजे पुसून टाकायची वस्तू, अशी आपली समजूत. विद्युत्घटाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९९७ साली टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम-आयन घटाच्या धनाग्रासाठी लिथियम-लोह-फॉस्फेट सुचविले. महाग कोबाल्टाऐवजी स्वस्त लोखंड; शिवाय तापले तरी ते सहजी पेटत नाही. परंतु त्यातून वीज फार मंद वाहे आणि सारा गुण वाया जाई. १९९९च्या सुमारास कॅनडात मिशेल आर्मां प्रभृतींनी साखरेसारखे पदार्थ त्याच्यासह हवेवाचून तापवून कणाकणावर कार्बनाचा पातळ लेप चढविला. विजेला वाट मिळाली. पुढे कण नॅनोमीटरांत मोजण्याइतके बारीक झाले, तेव्हा लिथियमचाही प्रवास आखूड झाला. आज लक्षावधी मोटारी अशा घटांवर धावतात. गुण लोखंडात होताच. तो प्रकट केला काजळीच्या या भावंडाने.