ट्रक ड्रायव्हरच्या आधी पोहोचणारा कागद

अमेरिकेत ट्रक ड्रायव्हर नोकरी मागायला जातो, त्याच्या आधी एक रिपोर्ट तिथं पोहोचलेला असतो. ड्रायव्हर मंडळी त्याला 'डॅक' म्हणतात. आधी कुठं होता, किती दिवस टिकला, गाडी किती वेळा ठोकली, का सोडलं, परत घ्याल का? सगळं त्यात. आणि हे भरतं कोण? ज्याच्याशी भांडून तो निघाला, तोच जुना मालक.

आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या खलाशांना हे नवीन वाटलं नसतं. त्यांच्याकडे 'नल्ली' असायची, जहाजावरच्या नोकरीची नोंदवही. ब्रिटिश जहाजांवर सफर संपली की वहीत वर्तणुकीचा शेरा पडायचा. 'व्हेरी गुड' असेल तर प्रश्न नाही. पण 'डिक्लाइन टु रिपोर्ट', म्हणजे शेरा द्यायला नकार, असा शिक्का बसला की संपलं! वाईट एक शब्द लिहिलेला नसायचा, पण पुढच्या कप्तानाला जे कळायचं ते कळायचं. तरी ती वही खलाशाच्या हातात असायची. डॅक असतो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये.

आता हे सुरू का झालं, तेही बघू. 1980 साली कार्टर सरकारनं मालवाहतुकीवरचे बरेचसे निर्बंध उठवले. नव्या कंपन्या निघाल्या, भाडी पडली, ड्रायव्हरची कमाईही पडली. माणसं भराभर नोकऱ्या बदलू लागली. शिवाय तेव्हा एकेका ड्रायव्हरकडे दोन-तीन राज्यांची लायसन्स असायची. एक जप्त झालं की दुसऱ्यावर गाडी चालू! 1986 च्या कायद्यानं ते बंद केलं. म्हणजे मालकाला माणसाची चौकशी करावीशी वाटणं यात काही गैर नव्हतं. याच दशकात ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात डॅकचा धंदा वाढला. पुढं तो हायरराइट कंपनीकडे गेला, पण नाव लोकांच्या तोंडी डॅकच राहिलं.

सगळ्यात घातक नोंद म्हणजे 'गाडी टाकून गेला'. खरंच हायवेवर ट्रक सोडून पळणारे असतात, नाही असं नाही. पण ब्रेक खराब आहेत म्हणून पुढं जायला नकार दिला, घरी कुणी आजारी म्हणून जवळच्या यार्डात गाडी लावून गेला, त्याच्याही नावापुढे हेच लिहिता येतं. रकाना एकच. धोक्याची गाडी चालवायला नकार दिला म्हणून ड्रायव्हरला शिक्षा करायची नाही, असा कायदा 1982 पासून आहे. रिपोर्टमध्ये खोटं लिहून त्याची वाट अडवणं ही पण शिक्षाच धरली जाते. पण हे सिद्ध करायचं म्हणजे ड्रायव्हरनंच तक्रार करायची, पुरावे गोळा करायचे आणि तोवर घर चालवायचं.

चूक दुरुस्त करायची सोय 1970 च्या कायद्यात आहे. तक्रार केली की साधारण 30 दिवसांत तपास व्हायला हवा. तपास म्हणजे काय, तर बहुतेक वेळा जुन्या कंपनीलाच विचारायचं, तुम्ही लिहिलंत ते बरोबर का? ती म्हणते, हो. मिटलं. 2012 मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशननं हायरराइटवर नोंदींची अचूकता न सांभाळल्याचे, तक्रारींचा नीट तपास न केल्याचे आरोप ठेवले. कंपनीनं 26 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आणि खरी गंमत 1998 च्या दुरुस्तीत आहे. इतर नोकऱ्यांत रिपोर्ट बघून नकार द्यायचा असेल तर आधी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते, म्हणजे बिचाऱ्याला काही बोलता तरी येतं. ट्रक ड्रायव्हर मात्र फोनवर, टपालानं किंवा कॉम्प्युटरवरून अर्ज करतात, म्हणून त्यांच्यापुरता हा नियम सैल केला. आधी नकार द्या, मग कामाच्या 3 दिवसांत कळवा. प्रत हवी तर त्यानं मागायची. तोवर त्या सीटवर दुसरा बसलेला असतो.