शिकलगारांची काष्ठपरीक्षा

तंबोरा जुळविताना गवई खुंटी पिळतो. परंतु ती खुंटी कोणत्या वृक्षाची, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी ओसरली, १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी करावे काय? त्याच सुमारास, १८५० च्या आसपास, मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये घडविण्यास हात घातला. पोलाद पारखणाऱ्यास आता काष्ठ पारखणे प्राप्त झाले.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येई. तबलीस व दांडीस तुणीचे लाकूड हवे. ते तांबूस, हलके आणि सुवासिक असते. खुंटीची गोष्ट निराळी. तिला शिसवीसारखे जड, काळसर, जांभळट रेषांचे लाकूड लागते. मऊ लाकडाची खुंटी भोकात झिजते, तार सैलावते आणि स्वर उतरतो.

शिवाय लाकूड मुरलेले हवे. ओले लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने अधिक आणि गाभ्याच्या दिशेने कमी आकसते; त्यामुळे कातताना वाटोळी असलेली खुंटी पुढे लांबट होते. म्हणून जाणता कातारी आधी वाट पाहतो, मग पटाशी लावतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. त्याने नावाचे रक्षण होईल. लाकडाची पारख मात्र कागदावर उतरत नाही. ती बापाच्या हातून मुलाच्या हातीच जावी लागते. ती साखळी तुटली, तर उरेल केवळ नाव, नाद नव्हे.