तरंगते घर पारखताना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी मराठीत म्हण आहे. जमिनीवरचे घर विकून मोटर यॉटवर कायमचे राहायला जाणाऱ्या अमेरिकी दांपत्यांना या दोन्ही कसोट्यांना एकाच व्यवहारात उतरावे लागते. निवृत्तीनंतर असा संसार थाटणाऱ्या अनेकांचे स्वप्न असते ते ‘ग्रेट लूप’चे. अटलांटिक किनाऱ्यालगतचा जलमार्ग, हडसन नदी, एरी कालवा, पंचमहासरोवरे, शिकागो, पुढे इलिनॉय, मिसिसिपी, ओहायो व टेनेसी या नद्या, मेक्सिकोचे आखात आणि फ्लोरिडा असा हा सुमारे ६,००० मैलांचा वर्तुळाकार प्रवास आहे. तो साधारणतः वर्षभरात पूर्ण केला जातो. नवी यॉट बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने पंचवीस ते चाळीस वर्षे वापरलेल्या बोटींकडे ग्राहक वळतात. येथे निवड चुकली, तर निवारा आणि आयुष्याची पुंजी दोन्ही एकदमच धोक्यात येतात.

आधी जलमार्ग, मग बोट

बोटीची लांबी आणि केबिनची सजावट पाहण्याआधी ती कोणत्या पाण्यात जाणार, हे ठरवावे लागते. ग्रेट लूपवर शिकागोजवळ सुमारे साडेएकोणीस फूट उंचीचा एक अचल पूल आहे. त्याला वळसा घालणारा पर्याय नाही. डोलकाठी व रडार खाली घेऊनही बोट त्याहून उंच राहत असेल, तर परिक्रमा तेथेच संपते. किनाऱ्यालगतचे मार्ग अनेक ठिकाणी उथळ असल्याने बोटीचा पाण्याखालील भाग पाच फुटांपेक्षा कमी असलेला बरा. मिसिसिपी व ओहायोच्या पट्ट्यात सुमारे २०० मैल इंधन न मिळण्याची शक्यता गृहीत धरून टाकीची क्षमता पाहावी लागते.

या प्रवासासाठी मासेमारी नौकांच्या धर्तीवरील ‘ट्रॉलर’ यॉट लोकप्रिय आहेत. हाँगकाँग व नंतर सिंगापूर येथे बांधल्या गेलेल्या ‘ग्रँड बँक्स’ ३६ व ४२ फुटी बोटी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९७३ पासून त्या लाकडाऐवजी फायबरग्लासमध्ये बनू लागल्या. अशा बोटींचा वेग कमी असतो. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा कमाल वेग साधारणतः पाण्यालगतच्या लांबीच्या (फुटांतील) वर्गमुळाच्या १.३४ पट नॉट एवढा असतो. ३६ फूट लांबीला तो सुमारे ८ नॉट येतो. १२० अश्वशक्तीच्या एका डिझेल इंजिनावर ७ नॉटने जाताना तासाला सुमारे सात-आठ लिटर इंधन लागते. त्यापलीकडे वेग रेटला की खर्च झपाट्याने वाढतो.

इंजिन एक असावे की दोन, हा वाद जुना आहे. एका इंजिनाची देखभाल स्वस्त पडते आणि तळाचा कणा पंख्याचे रक्षण करतो. दोन इंजिनांमुळे धक्क्याला लागताना बोट सहज वळते आणि एक बंद पडले तरी दुसरे हाताशी असते. मात्र इंजिनकक्षात हात घालायला जागा उरत नाही.

दोष कोठे दडतात

सत्तर-ऐंशीच्या दशकांतील आशियाई बांधणीच्या अनेक ट्रॉलरवर सागवानी फळ्यांचा डेक स्क्रूने बसवलेला असतो. वर्षानुवर्षे स्क्रूच्या छिद्रांतून पाणी झिरपते आणि आतील लाकडी थर कुजतो. हेच पाणी खालच्या लोखंडी इंधनटाक्यांवर ठिबकून त्यांना गंज चढतो. टाकी बदलायची तर कित्येकदा इंजिन बाहेर काढावे लागते किंवा टाकी जागेवरच कापावी लागते. मऊ लागणारा डेक आणि खिडक्यांखालचे काळे डाग म्हणूनच रंगरंगोटीपेक्षा अधिक बोलके असतात.

इंजिन किती तास चालले, या आकड्यावरही भिस्त ठेवता येत नाही. उत्तम निगा राखलेले डिझेल इंजिन हजारो तास काम देते. उलट वर्षानुवर्षे धक्क्याला उभे राहिलेले इंजिन कमी तास दाखवते, पण आतून गंजलेले असू शकते. देखभालीची नोंदवही हा येथे सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार ठरतो.

तज्ज्ञाची तपासणी

खरेदीचा करार ‘तपासणी समाधानकारक असल्यास’ या अटीवरच करावा. सर्वेक्षक ग्राहकाने स्वतः नेमावा, दलालाच्या शिफारशीवर विसंबू नये. तो बोट पाण्याबाहेर काढून तळ ठोकून पाहतो आणि आर्द्रतामापकाने ओल शोधतो. इंजिनासाठी वेगळा तंत्रज्ञ लागतो. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिल्यास त्यातील धातूच्या कणांवरून झीज कळते. चाचणी सफरीत इंजिन पूर्ण गतीने चालवून तापमान वाढते का, ठरावीक फेरे गाठले जातात का, हे पाहिले जाते. विमा कंपन्याही जुन्या बोटीसाठी असा अहवाल मागतात. १ जून ते ३० नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या हंगामात बोट कोठे असावी, याची अटही अनेकदा विम्यात असते.

घराचा सातबारा पाहावा तसा बोटीचा पूर्वेतिहासही पाहावा. अमेरिकी तटरक्षक दलाकडे नोंद असलेल्या बोटीचा मालकी व कर्जाचा उतारा मिळतो. दुरुस्तीची थकलेली बिले बोटीवर बोजा म्हणून राहतात आणि मालक बदलला तरी त्या बोजातून बोट सुटत नाही.

संसाराच्या सोयी

मुक्काम महिनोन्‌महिने असल्याने पिण्याच्या पाण्याची टाकी, विजेच्या बॅटऱ्या, हवा खेळती राहण्याची व्यवस्था आणि मैलासाठी स्वतंत्र टाकी यांचे महत्त्व मोठे आहे. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडण्यास मनाई आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंदिस्त आणि बाहेर निचरा होणारा असावा. बऱ्याच मरिनांमध्ये बोटीवर कायम राहण्यास परवानगी नसते किंवा तशा जागा मोजक्याच असतात. ही चौकशी खरेदीपूर्वीच व्हावी.

हाती असलेली सगळी रक्कम खरेदीत घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक. वार्षिक देखभालीसाठी किमतीच्या सुमारे दहा टक्के, असा ठोकताळा मानला जातो. मात्र जुनी बोट स्वस्तात मिळाली तरी तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची तरतूद वेगळी ठेवणे श्रेयस्कर. त्याच जातीची बोट एक-दोन आठवडे भाड्याने घेऊन तिच्यावर पावसात, वाऱ्यात आणि नांगरावर राहून पाहावे. जमिनीवरचे घर विकण्याचा निर्णय त्यानंतर घेतलेला बरा.