भामिनीचा शालू, वनमालेचं लुगडं

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी झाला. नवीन पिढीतल्या बऱ्याच जणांना हे नाव जानेवारी 2025 मध्ये आलेल्या सिनेमामुळे कळलं. गोष्ट अशी: श्रीमंत घरातली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, त्याचा अपमान होतो. पुढे तीच भामिनी वनमाला नावाच्या गरीब मुलीच्या वेषात त्याच्यासमोर येते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. म्हणजे या नाटकात कपडा ही नुसती सजावट नाही. कथा वळते तीच कपड्यांवर. बाई तीच, फक्त अंगावरचं कापड बदललं. प्रेक्षकाला दुसऱ्या रांगेतून आणि विसाव्या रांगेतूनही क्षणात कळलं पाहिजे, की ही श्रीमंत आणि ही गरीब.

गेल्या वर्षी वारणानगरच्या आमच्या हौशी मंडळींनी यातले दोन प्रवेश बसवले आणि कपड्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं होतं, अवघड जाईल तो भामिनीचा शालू. अडलो वनमालेपाशी.

आधी शालूबद्दल. भामिनी करायचे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 1913 साली त्यांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि मराठी रंगभूमीवर कापडाचा थाट कळसाला पोचला. रंगभूमीवर खरे शालू, खऱ्या पैठण्या. लांबून चालून जाईल असं नकली कापड त्यांना चालत नसे. ते साडी कशी नेसतात, पदर कसा घेतात, केस कसे बांधतात, हे बघून घरंदाज बायका तसं करू लागल्या. कंपनी पुढे कर्जात बुडाली, त्यात या थाटाचा वाटा मोठा होता. पण मला तो नुसता उधळेपणा वाटत नाही. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. बत्तीच्या पिवळ्या उजेडात ती भडक चमकत नाही, आतून तापल्यासारखी दिसते. शिवाय रेशमाला वजन असतं. पुरुष नटाच्या अंगावर नऊवारी बाईसारखी पडायची, तर तिचं ओझं निऱ्यांना खाली ओढणारं हवं.

आता 1921 हे वर्ष बघा. 8 जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर कोल्हापूरचे केशवराव भोसले. तीन आठवड्यांनी, 31 जुलैला, त्याच मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी पेटली. 22 सप्टेंबरला मदुराईत गांधींनी अंगावरचं कापड पंच्यापुरतं उरवलं. एकाच पावसाळ्यात शालूसुद्धा स्वराज्यासाठी आणि पंचासुद्धा! गंमत नाही, मला यात त्या काळाचं सगळं राजकारण दिसतं. गरिबीचा वेष म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा नाटकाच्या बाहेर, रस्त्यावर आला होता.

वनमालेकडे येतो. आमचं वारणानगर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेलं, म्हणजे नाटकापेक्षा वयानं लहान. पण कापडाला इथं तोटा नाही. शेजारी इचलकरंजी, तिथं 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हा मी आधी तिथंच गेलो, मग कोल्हापूरला महाद्वार रोडवर. दुकानदाराला म्हटलं, गरीब मुलीची साडी दाखवा, शंभर वर्षांपूर्वीची वाटेल अशी. त्यानं हातमागाची जाडीभरडी सुती काढली आणि किंमत सांगून हसला. “दादा, गरिबाची पायजे म्हणताय, ही तर श्रीमंतच घेत्यात आता. गरीब ही नेसत्यात,” म्हणून त्यानं पुढं टाकली ती सोनेरी बुट्ट्यांची, लखलखीत पॉलिएस्टरची. हातमागाची त्याच्या दुपटीहून महाग.

माझी अडचण त्यानं एका वाक्यात सांगितली. 1911 मध्ये चमक महाग होती आणि खरखरीतपणा स्वस्त. पॉलिएस्टरचा शोध लागला 1941 मध्ये, इंग्लंडात. चांदीची तार जाऊन तिच्या जागी तांबं आणि पुढे प्लॅस्टिकची झिलई आली. चमक स्वस्त झाली आणि हातानं विणलेलं सूत बुटीकमध्ये जाऊन बसलं. म्हणजे आजच्या बाजारातून ‘श्रीमंत’ भामिनी नटवली, तर ती बिनखर्चात होते. आणि ‘गरीब’ वनमालेला नटवायला पैसे लागतात. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत मावळ्याचा अंगरखासुद्धा झिलईदार का दिसतो, याचं निम्मं उत्तर मला इथं मिळालं.

हा पेच आपल्या कोल्हापूरच्याच एका बाईनं फार मोठ्या पडद्यावर सोडवला. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. भारताचं ते पहिलं ऑस्कर. मोलो लष्करी गणवेशांचे जाणकार. गणवेश हुबेहूब करणं कष्टाचं, पण त्याचे नियम लिहिलेले असतात. साध्या माणसाच्या धोतराचे नियम कोण लिहून ठेवतं? ऑस्करच्या इतिहासात उंची झगे आणि राजवाडे भरपूर. इथं मुख्य पात्राच्या अंगावरचं कापड सिनेमाभर कमी कमी होत जातं: दक्षिण आफ्रिकेतला सूट, मग काठियावाडी पोशाख, मग पंचा. कापडाचा पोत चुकला असता तर ती सगळी वाटचाल खोटी दिसली असती.

खरं सूत ओळखायची रीत दुकानदारानंच दाखवली. कडेचा एक धागा काढून पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. (हे दुकानाबाहेर करावं.)

शेवटी वनमालेचं लुगडं विकत मिळालंच नाही, ते आजीच्या पेटाऱ्यातून निघालं. अंगभर सुती इरकल, धुऊन धुऊन रंग उडालेलं, कोपराला घासेल तिथं विरलेलं. नवं कापड जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवतात, दगडावर घासतात. याला काहीच करावं लागलं नाही. वीस-पंचवीस वर्षं शेतात नेसलेलं होतं. आजीनं देताना एकच विचारलं, “भिकारीण हाय व्हय रं ती?” मी म्हटलं, नाही, श्रीमंत आहे, सोंग घेतलंय. “मग चालतंय.”

भामिनीसाठी आत्यानं लग्नातला शालू दिला. एकानं पॉलिएस्टरचा भाड्यानं आणायला सुचवलं होतं. दोन्ही नेसवून बघितले. एलईडीखाली पॉलिएस्टर पांढरंफट्ट झालं, कासोटा दोनदा सुटला आणि चालताना त्याची सळसळ माइकमध्ये येऊ लागली. दिव्यांवर पिवळा कागद लावल्यावर आत्याची जरी मात्र जागेवर आली.

प्रयोगानंतर पुढच्या रांगेतल्या बायका आत आल्या. शालू बाजूलाच घडी करून ठेवला होता. त्यांनी हात लावून पाहिलं ते लुगड्याला आणि विचारलं, “हे आता कुठं मिळतंय?”