खानदेशातून परराष्ट्राकडे : एका विद्याशाखेचा इतिहास

इ. स. 1615 च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर या वाटेने बुऱ्हाणपुरास पोहोचला. तेथे शहजादा परवेझचा मुक्काम होता. पुढे तो जहांगीर बादशहाच्या दरबारी सुमारे तीन वर्षे राहिला. हा गृहस्थ ऑक्सफर्डला शिकलेला, परंतु फारसीचा गंध नाही. बादशहाशी बोलायचे तर दुभाषी शोधावा लागे, आणि दुभाषी आपल्या मनाजोगते सांगेल की मालकाच्या, ही चिंता त्याला कायम असे. आपल्या मुलखातून गेलेल्या या वकिलाची हकीकत मी वर्गात नेहमी सांगतो. कारण परराष्ट्र व्यवहारात भाषेवाचून किती अडते, हे तिच्यातून मुलांना चटकन समजते.

तथापि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवावा, ही कल्पना फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर 1919 साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन निघाले. राष्ट्रे का लढतात याचा अभ्यास केल्यास पुढचे युद्ध टळेल, अशी त्यामागची आशा होती. (ती किती फळली, हे 1939 साली दिसलेच.) त्याच 1919 साली अमेरिकेत जॉर्जटाऊन येथे परराष्ट्र सेवेचे विद्यालय निघाले आणि 1927 साली जिनिव्हा येथे पदव्युत्तर संस्था स्थापन झाली.

आपल्याकडे त्या काळी अशी सोय नव्हती. म्हणून महाराष्ट्रातील आपल्या समाजाचे जे थोर पुरुष परराष्ट्र क्षेत्रात चमकले, ते कायद्याच्या आणि भाषेच्या वाटेने आले. माथेरान येथे 1899 साली जन्मलेले आसफ अली असगर फैजी केंब्रिजला शिकले. अरबीचे व इस्लामी कायद्याचे ते गाढे अभ्यासक. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि 1949 साली ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे ऑक्सफर्डला इतिहास शिकले होते. दादरा-नगरहवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, तेव्हा त्या खटल्यापुरते भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश म्हणून ते तेथे बसले. नंतर अमेरिकेत राजदूत, ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, आणि 1966-67 मध्ये देशाचे परराष्ट्रमंत्री.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही मंडळी विलायतेस जाऊ शकली. धुळ्याच्या यंत्रमागावर राबणाऱ्या बापाच्या मुलाला ते दार त्या काळी बंदच होते.

ते किलकिले झाले 1955 साली. इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या पुढाकाराने दिल्लीत सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. डॉ. ए. अप्पादोराय हे पहिले संचालक. प्रारंभी तेथे फक्त पीएच.डी. होत असे. पश्चिम आशिया, चीन, रशिया अशा एकेका प्रदेशाचा सखोल अभ्यास, आणि त्या प्रदेशाची भाषाही शिकायची, असा तेथील शिरस्ता होता. 1961 साली संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व 1970 साली ती नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तेथे एम.ए. सुरू झाल्यावर साध्या पदवीधरालाही वाट मोकळी झाली. आता प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो.

आपल्या भागात मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय स्वातंत्र्यापूर्वीची. ती पुढे पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले, 2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. तेव्हा बी.ए.ची पायरी घराजवळच आहे. अडचण पुढे येते. पालक विचारतात, "सर, राज्यशास्त्र घेऊन मुलगा काय करणार?" प्रश्न रास्त आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती 2022 साली बंद झाल्यापासून तो अधिकच रास्त झाला आहे. तरी सर्वांना खुली असलेली जेआरएफ शिल्लक आहे. परराष्ट्र सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षा मराठीत किंवा उर्दूतही लिहिता येते. इंग्रजीची आवश्यक प्रश्नपत्रिका मात्र उत्तीर्ण व्हावीच लागते.

उर्दू माध्यमाच्या मुलांना आपण मागासलेले समजतो. पण ज्या लिपीशी रो साहेबाची गाठ पडली, ती यांना पहिलीपासून वाचता येते. फारसी व अरबी शिकताना निम्मा डोंगर त्यांनी आधीच चढलेला असतो. हमीद अन्सारी अलीगढहून राज्यशास्त्रात एम.ए. होऊन 1961 साली परराष्ट्र सेवेत गेले व इराण, अफगाणिस्तान, सौदी अरेबिया येथे राजदूत झाले. आखातात आपली मुले आजही जातात, रावेर-यावलची केळीही जातात. त्या देशांचा कायदा, राजकारण आणि व्यापार जाणणारा माणूस मात्र आपल्या तालुक्यात शोधावा लागतो.