टीटीची सुई आणि साडेपाच महिने

गरोदर बाईला लस देणं आपल्याकडे नवं नव्हतं. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, अशा बाळंतपणांत धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. दोन दिवस नीट अंगावर पिणारं मूल अचानक दूध ओढेनासं होई, जबडा आवळे, नुसता हात लागला तरी अंग ताठ होई. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने दगावली. उपाय आईच्या दंडातून सापडला. आईला लस टोचली की तिच्या शरीरातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात आणि ते वाचतं, हे न्यू गिनीतल्या १९६१ च्या अभ्यासात दिसलं होतं. भारतात १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लसीची, सुई होतीच. तिला दवाखान्यातल्या स्वच्छ बाळंतपणाची जोड मिळाली आणि २०१५ मध्ये माता व नवजातांच्या धनुर्वाताचं देशातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

असं असूनही १६ जानेवारी २०२१ रोजी कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा गरोदर स्त्रिया वगळल्या गेल्या. गरोदर परिचारिका आणि आशाताईही वगळल्या, ज्यांचं कामच रुग्णांमध्ये होतं. यामागे थॅलिडोमाइडची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मळमळीवर दिल्या गेलेल्या त्या गोळीने दहा हजारांहून अधिक मुलं व्यंग घेऊन जन्मली. पण ती गोळी गरोदरपणात न तपासताच विकली गेली होती. त्यातून धडा घ्यायचा होता तो आधी तपासण्याचा. आपण घेतला तो गरोदर स्त्रियांना चाचण्यांतूनच वगळण्याचा. मग पुरावा नाही म्हणून लस नाही, आणि चाचणी नाही म्हणून पुरावा नाही.

जानेवारीत सावध राहणं योग्यच होतं, असं कुणी म्हणेल. ते मान्य. पण अमेरिकेने डिसेंबर २०२० पासूनच निर्णय गरोदर स्त्रीवर सोडला होता, ब्रिटनने एप्रिलमध्ये लस देऊ केली. इकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जूनमध्ये मांडलेल्या नोंदींत पहिल्या लाटेतल्या ०.७ टक्क्यांवरून बाधित गरोदर स्त्रियांचा मृत्युदर दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेला होता. हे रुग्णालयात आलेल्यांचे आकडे आहेत, सगळ्या गरोदर स्त्रियांचे नव्हेत. तरी लाट किती वाईट होती ते त्यांतून कळतं. पुढे स्कॉटलंडमध्ये अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बाधित गरोदर स्त्रियांपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या होत्या. लस घेणाऱ्या बायका मुळातच प्रकृतीला जपणाऱ्या असतील, हा आक्षेप रास्त आहे, पण एवढी मोठी तफावत एकट्या त्याने उलगडत नाही.

केंद्र सरकारने गरोदर स्त्रियांना परवानगी दिली ती २ जुलै २०२१ रोजी. तोवर महाराष्ट्रातली दुसरी लाट बरीच ओसरली होती.