उंदरांमधील आक्रमकता : प्रयोगशाळेतील प्रारूपे

आक्रमक वर्तनामागे मेंदूत काय घडते हे तपासण्यासाठी ठरावीक पद्धतीने घडवून आणलेली उंदरांची झुंज. झुंज कशी लावली, यावर निष्कर्ष बराच अवलंबून असतो.

सर्वांत रूढ पद्धत ‘रेसिडेंट-इंट्रूडर’ चाचणीची. एका नराला, बहुधा मादीसोबत, काही दिवस एकाच पिंजऱ्यात राहू देतात. त्या काळात खालचा भुसाही बदलत नाहीत, कारण स्वतःच्या वासाची जागाच त्याला आपली वाटते. मग मादीला बाजूला काढून एक परका, सहसा लहान चणीचा नर आत सोडतात आणि साधारण दहा मिनिटे पाहत राहतात. आधी हुंगाहुंगी, मग शेपूट भुशावर थडथड आपटणे, अंग तिरके करून दटावणे आणि शेवटी पाठीवर किंवा कुशीवर चावा. पहिला हल्ला किती सेकंदांनी झाला आणि एकूण किती झाले, हे नोंदवले जाते. गंभीर जखम दिसताच चाचणी थांबवतात.

नराला बरेच दिवस एकटे ठेवून भांडखोर करणे ही जुनी रीत. पिल्ले अंगावर पीत असताना मादीही आगंतुकावर धावून जाते. तिची चाचणी वेगळी असते.

वासाचे महत्त्व 2002 मध्ये ठळक झाले. कॅथरीन ड्यूलाक यांच्या हार्वर्डमधील गटाने ‘टीआरपीसी-2’ जनुक निकामी केले, तेव्हा फेरोमोन हेरू न शकणारे नर आलेल्या नराशी भांडण्याऐवजी समागमासाठी त्याच्यावर चढू लागले. 2011 मध्ये कॅलटेकमध्ये दायू लिन आणि डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने हायपोथॅलॅमसच्या एका चिमुकल्या भागातील चेतापेशी प्रकाशाने चेतवल्या. नर चक्क मादीवर तुटून पडला. फुगवलेला हातमोजाही त्याच्या तावडीतून सुटला नाही!

सर्वांत बोलका दाखला मात्र योगायोगाने हाती आला. चेतापेशींत नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एन्झाइम ज्यांच्यात नव्हते, अशा नरांच्या पिंजऱ्यांत मेलेले उंदीर सापडू लागले. चाचण्यांतही ते अतिआक्रमक ठरले आणि 1995 मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे याच एन्झाइमच्या जनुकाविना जन्मलेल्या मातांची परीक्षा झाली, तेव्हा त्या उलट कमी लढत असल्याचे दिसले. ‘भांडखोरपणाचे जनुक सापडले’ अशी बातमी वाचताना उंदीर नर होता की मादी, एवढे तरी आधी पाहावे.